पाचपैकी पाच

कामरगाव,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. रुचिका हिस अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

आज सकाळपासून ऊन आहे. देवळात जाऊन आले. नऊ वाजता वाचनालय उघडलं, पेपर लावले. दुपारपर्यंत सात जण आले. त्यांतल्या पाच जणांनी तुझे कागद भरले, दोघं फक्त पंख्याखाली बसायला आले होते. घरी येऊन जेवले आणि हे लिहायला बसले.

तुझं पाकीट मिळालं. फोनवर तू सांगितलंस ते नीट समजलं नाही, कारण तू फार भरभर बोलतेस आणि मला फोनवर बोलणं जमत नाही. भरलेले कागद टपालानेच पाठवायचे आहेत, तर त्यांच्यासोबत चार ओळी लिहिणं मला सोपं जातं. तूही पत्रच लिही. काकांचा मोठा फोन मी बंद करून कपाटात ठेवला आहे.

तुझ्या पीएचडीचा विषय मला इतकाच कळला. माणसाला माहिती शोधता येते का, तपासता येते का, हे पाहायचं नाही. आपल्याला ते येतं याची त्याला स्वतःला किती खात्री आहे, ते मोजायचं. एक म्हणजे मुळीच खात्री नाही, पाच म्हणजे पूर्ण खात्री. हे मोजून काय निघणार ते तुझ्या मॅडमना ठाऊक. इथे मोजायला काही नाही. इथे सगळ्यांना पूर्ण खात्री आहे.

पहिले रामधन आले, चक्कीवाले. कागद हातात घेऊन म्हणाले, "काकू, पास व्हायले किती लागतात?"

मी सांगितलं, यात पास-नापास नाही, तुम्हाला जेवढं वाटतं तेवढं लिहा.

"मंग कमी कायले लिहू? कमी लिहिलं तं अमरावतीत आपल्या गावाचं नाव खराब होते." आणि वरपासून खालपर्यंत पाच-पाच लिहून मोकळे झाले. 'एकदम खूप माहिती आली की माझा गोंधळ उडतो' असं एक वाक्य तू मध्येच घातलं आहेस. त्याच्यापुढेही पाच.

शेजारच्या हीराबाईंनी आधी विचारलं, "याच्यात काही मिळते काय?" मी नाही म्हटलं. "मिळत नसन तं सगळीकडे पाच लिव. मिळत असतं तं एक लिवला असता." 'मला असलेली माहिती मी योग्य वेळी योग्य माणसाला देऊ शकतो' हे शेवटचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा त्या हसल्या. "हे तं मी रोजच देतो. याले सहा लिव."

मी पाच लिहिलं.

तू चाळीस कागद पाठवले आहेस. बाकीचे होतील तसे पाठवते. मला कामात गुंतवावं असं तुझ्या बाबांनी तुला सांगितलं असणार, ते मला कळलं आहे. राग नाही. पण माणसांसमोर बसून त्यांना प्रश्न विचारायचं काम काढलंस, ते तेवढं तुझ्या काकूला ओळखून काढलेलं नाही. काका असते तर त्यांनी हे हौसेने केलं असतं. वाचनालयाचं सचिवपण त्यांना घरापेक्षा मोठं होतं.

फलकावर अजून त्यांचंच नाव आहे. गावात कोणी गेलं की ते वाचनालयाच्या व्हरांड्यातल्या फलकावर खडूने लिहायचे, आणि दिवस झाले की त्या घरचं माणूस येऊन पुसून जायचं. त्यांच्या वेळी रामधननी लिहिलं. पुसायचं काम माझं आहे. अजून झालेलं नाही.

तुझी,
काकू

अमरावती,
शनिवार, ९ ऑगस्ट

तीर्थरूप काकूस सा. नमस्कार. जय जिनेंद्र.

तुझं पत्र आणि कागद मिळाले. काकू, तू किती छान लिहितेस! हीराबाईंचं वाचून आम्ही हॉस्टेलवर सगळ्या हसलो.

पण मॅडम हसल्या नाहीत. कामरगावची सरासरी चार पूर्णांक आठ आली आहे. आमच्या विद्यापीठातल्या ग्रंथपालांचीसुद्धा एवढी नव्हती. 'गोंधळ उडतो' हे वाक्य मुद्दाम उलटं घातलेलं असतं. बाकी सगळीकडे पाच देणाऱ्याने तिथे एक किंवा दोन द्यायला हवा. तिथेही पाच दिला, म्हणजे माणसाने वाचलंच नाही. मॅडम म्हणाल्या, असे कागद बाद.

म्हणून एक तोड काढली आहे. उरलेल्या लोकांना आणि जमल्यास ज्यांनी भरले त्यांनाही, तू तोंडी एकच प्रश्न विचारायचा: 'अलीकडे तुम्ही खात्री करून घेतलेली एखादी माहिती सांगा. खात्री कशी केली?' आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत कागदामागे लिहायचं. नुसत्या आकड्यांपेक्षा मॅडमना हे जास्त हवं आहे.

काकू, मी एक ठरवलं आहे. प्रबंधाची अर्पणपत्रिका काकांच्या नावाने लिहिणार. 'ज्यांच्याकडून मी माहिती तपासायला शिकले, त्या नेमीचंदकाकांस.' सुटीत कामरगावला आले की ते मला एकच बातमी तीन पेपरांत वाचायला लावायचे, आठवतं? बाबांना वाचून दाखवलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि हो, त्या मेडिकलवाल्याकडून तू काही घेत जाऊ नकोस. तुझी बीपीची गोळी बाबा कारंज्याहून पाठवतील. जे झालं ते झालं, पण आता तरी जपायला हवं.

तुझी,
रुचिका

कामरगाव,
रविवार, १७ ऑगस्ट

चि. रुचिका हिस आशीर्वाद.

तुझा प्रश्न विचारला. विचारला नसता तर बरं झालं असतं.

हीराबाई संध्याकाळी ओट्यावर आल्या. मी कागद उलटा करून पेन धरला आणि विचारलं, अलीकडे खात्री करून घेतलेली एखादी माहिती सांगा.

त्या लगेच म्हणाल्या, "लिव. नेमीचंदभाऊ चुकीच्या गोळीनं गेले. थ्या मेडिकलवाल्या संघदीपनं देल्ली."

मी म्हटलं, "ही माहिती?"

"मंग! याच्याहून पक्की कोनती?"

"खात्री कशी केली तुम्ही?"

"बाई, तूच इचारून राह्यली? तुह्या घरी बसाले आलतो आमी. गोपीचंदनं तुह्या समोर म्हटलं का नाही? तू होती ना भिंतीपाशी? नाही म्हनली काय? खोटं असतं तं घरची बाई बोलली असती."

रुचिका, आपल्यात दुखवट्याच्या दिवसांत घरची बाई पदर घेऊन भिंतीशी बसते. येणारे बोलतात, उत्तर वडीलधारे देतात. हे हीराबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्याही तशाच बसल्या होत्या. मी बोलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी बोलले नाही हाच आता सगळ्यांचा पुरावा आहे.

गोपीचंदभाऊ काय म्हणाले ते मला आठवतं. ते किराणा दुकानवाले, काकांचे लहानपणापासूनचे दोस्त. ते रडत होते. ते म्हणाले, "काय गोळी देल्ली असन त्यानं?" तो प्रश्न होता. दाराबाहेर जाईपर्यंत त्याचं उत्तर झालं.

दुसऱ्या दिवशी रामधनना विचारलं. त्यांचंही तेच. वर म्हणाले, "आमी एकावर भरोसा नाही ठेवत काकू. दोन ठिकानाहून चेक केलं. गोपीचंदभाऊनं सांगितलं, अन् मोबाइलवर बी आलं."

"मोबाइलवर कोणी टाकलं?"

"गोपीचंदभाऊनंच."

त्यांनी मला मोबाइल दाखवला. काकांचा तो पागोट्यातला फोटो, खाली 'सावधान' आणि चार ओळी. फोटो आपल्या घरातल्या लग्नातला आहे. रामधननी 'वेगवेगळ्या ठिकाणची माहिती मी ताडून पाहू शकतो' याच्यापुढे पाच लिहिलं आहे. मी त्यांना पुन्हा विचारलं, पाचच ठेवायचं का? म्हणाले, "आता तं पक्कं पाच."

जेवढ्यांना विचारलं त्यांतल्या अर्ध्याहून जास्त लोकांनी हीच माहिती सांगितली. उरलेल्यांनी हवामानाचं सांगितलं. मी ते सगळं लिहून घेतलं, कारण तू त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगितलंस. आपल्या माणसाबद्दलचं खोटं आपल्याच अक्षरात लिहून घ्यायचं, आणि वर लिहिताना 'हळू सांगा' म्हणायचं. हे काम तुझ्या मॅडमनी कधी केलं आहे का, त्यांना विचार.

आता तुला विचारते. तुला हे कोणी सांगितलं? तू खात्री कशी केलीस? गोळी मी संघदीपकडूनच घेते आणि घेणार.

काकू

अमरावती,
गुरुवार, २१ ऑगस्ट

तीर्थरूप काकूस सा. नमस्कार.

तू रागावलीस. मला वाईट वाटलं, पण तुझा राग मी समजू शकते.

मला बाबांनी सांगितलं. बाबांना गोपीचंदकाकांनी सांगितलं. आम्ही सगळे त्या दिवशी तिथेच होतो, तूही होतीस. कोणीच नाही म्हटलं नाही, मग मी वेगळी खात्री काय करणार होते? घरच्या दुःखाची कोणी चौकशी करतं का? तू इतकी शांत आहेस की तुझ्या मनात काय आहे ते कोणालाच कळत नाही. काही वेगळं असेल तर सांग ना.

एक गोष्ट तुला आधीच कळवायला हवी. बाबा तक्रार देणार आहेत, औषधांच्या ऑफिसात. लायसन्स रद्द करा म्हणून. गावातल्या बऱ्याच लोकांच्या सह्या गोपीचंदकाकांनी घेतल्या आहेत. सगळ्यात वर तुझी सही हवी, त्यासाठी बाबा रविवारी येतील. दादासाठी एवढं तरी करायला हवं, असं ते म्हणतात. मी मध्ये पडत नाही.

मॅडमना तुझ्या कागदांमागची उत्तरं फार आवडली. त्या म्हणाल्या, हा एक स्वतंत्र भाग होईल. 'आत्मविश्वास आणि पडताळणी यांतील तफावत.' हे तुला सांगायची ही वेळ नाही, तरी सांगते, कारण तू एवढे कष्ट घेतलेस.

रुचिका

कामरगाव,
सोमवार, २५ ऑगस्ट

चि. रुचिका,

तुझे बाबा काल आले, जेवले, चारच्या गाडीने परत गेले. मी सही केली नाही.

त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाले, "वहिनी, दादाचा जीव गेला अन् तुमी अशा गप?" मी त्यांना कढी वाढली. त्यांनी कागद ताटाशेजारी ठेवला होता, त्याच्यावर कढी सांडू नये म्हणून मी तो उचलून वर ठेवला, तर त्यांना वाटलं सही करते आहे. मग पुन्हा समजूत घालायला लागले. तुमच्या घरातली माणसं समजूत फार चांगली घालतात. ऐकून घ्यायचं राहून जातं.

आज सकाळी मी मेडिकलमध्ये गेले. संघदीपने अर्धं शटर खाली ओढलं होतं. आतली निम्मी कपाटं रिकामी. गिऱ्हाईक येत नाही, माल परत पाठवतो आहे, म्हणाला. मेडशीला त्याचा साळा आहे, गणपती झाले की तिकडे जाऊन काही करता येतं का पाहणार. गावातला हा पहिला मुलगा, ज्याने फार्मसी करून इथेच दुकान टाकलं. त्याचे वडील उकंडराव दुकानाच्या पायरीवर बसलेले होते. त्यांनी सरकून मला वाट दिली.

संघदीपने माझी गोळी दिली आणि बिल लिहून दिलं. म्हणाला, "काकू, बिल जपून ठेवा. गोळीचं नाव लिवलं आहे त्याच्यात." बीपीच्या गोळीचं बिल जपून ठेवायचं. अशी वेळ.

निघताना म्हणाला, "काकू, तुमाले तं माहीत आहे."

मी हो म्हटलं आणि घरी आले.

कागद संपलेत. नवे पाठवू नकोस. एकच राहिला आहे, तो माझा.

तू तुझा स्वतःचा भरला आहेस का? भरून मला पाठव.

काकू

अमरावती,
रविवार, ३१ ऑगस्ट

तीर्थरूप काकूस सा. नमस्कार.

माझा कागद सोबत आहे. दोन वर्षांपूर्वी प्रश्नावली तयार केली तेव्हा नमुना म्हणून मी तो भरला होता, सगळे पाच. तोच पाठवणार होते. मग कोरा घेऊन पुन्हा बसले. 'मिळालेली माहिती खरी की खोटी हे मी तपासू शकते' याच्यापुढे काही लिहवेना. ती जागा रिकामीच आहे. मॅडमना दाखवला तर म्हणाल्या, रिकामी जागा चालत नाही, बाद होतो. होऊ दे.

बाबा तुझ्यावर चिडलेले आहेत. तुझ्या सहीशिवायच तक्रार द्यायची असं ठरलं आहे. सध्या दशलक्षण पर्व चालू आहे, या दिवसांत कोणाविरुद्ध काही नको म्हणून थांबले आहेत. क्षमावाणी झाली, सगळ्यांची एकमेकांकडे क्षमा मागून झाली, की त्या आठवड्यात देणार.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की क्षमावाणी झाल्यावर तक्रार द्यायची, यात कोणालाच काही वाटलं नाही. मलाही परवापर्यंत वाटलं नव्हतं.

काकू, तुला काय माहीत आहे? त्या दिवशी काय झालं होतं?

रुचिका

कामरगाव,
मंगळवार, ९ सप्टेंबर

चि. रुचिका हिस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस. तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. सगळे मला सांगत होते.

त्या दिवशी सकाळी काकांच्या छातीत जळजळ होत होती आणि डावा हात दुखत होता. वाचनालय उघडून आले. मेडिकलमधून गॅसची गोळी घेतो म्हणून गेले. संघदीपने त्यांचा घाम पाहिला, आत नेऊन स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, काका, गोळी नाही देत, कारंज्याला चला, ईसीजी काढू. काका त्याला म्हणाले, "तू डॉक्टर कधी झाला?" आणि हसत घरी आले. मलाही हसत सांगितलं.

मागोमाग संघदीप जीप घेऊन दारात आला. इंजिन चालूच होतं. खाली उतरून मला म्हणाला, "काकू, तुमी तरी सांगा. हे गॅस नोहे. बसवा त्याहिले गाडीत."

मी सांगितलं. एकदा सांगितलं. काका म्हणाले, "तुला यातलं काय कळतं? डाव्या हाताचं दुखणं वायूनेही होतं. मी तीन ठिकाणी वाचलं आहे, मोठ्या डॉक्टरचा व्हिडिओ आहे." फोन काढून मला तो व्हिडिओ दाखवायला लागले. संघदीप दारात उभा होता, त्यालाही म्हणाले, ये, तूही पाहा, शिकशील. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. काय करणार? उचलून थोडाच नेणार होता?

त्यांनी सांगितलं तसं मी ओवा आणि सैंधव घालून पाणी उकळून दिलं. ते पेपर घेऊन आरामखुर्चीत बसले. मी स्वयंपाकाला लागले. जेवायला हाक मारली तेव्हा ते गेलेले होते.

कोणती गोळी चुकीची होती ते गाव शोधतं आहे. गोळी नव्हतीच.

मी का बोलले नाही, असं तू आता विचारशील. सुरुवातीला मला बोलताच येत नव्हतं. बसायला आलेल्या लोकांचं मला फार थोडं आठवतं. नंतर बोलायचं म्हणजे हे सगळं सांगायचं. गावात कोणाला सातबारा कळला नाही, विम्याचा कागद कळला नाही, की लोक काकांकडे यायचे. ते सांगायचे आणि गाव ऐकायचं. त्यांनी स्वतः कोणाचं ऐकलं नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांना तुझा कागद दिला असता तर त्यांनी वरपासून खालपर्यंत पाच लिहिले असते. आणि गावाने त्यांना साडेपाच दिले असते. मला ते तसेच राहू द्यायचे होते. त्यासाठी एक चालतं दुकान बंद पडेल हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

काल क्षमावाणी झाली. गोपीचंदभाऊ दारात आले, हात जोडून म्हणाले, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. मीही हात जोडले. मग विचारलं, "संघदीपकडे जाऊन आलात का?"

ते गोंधळले. "त्याच्याकडे? तो आपल्यात कुठे येते?"

बरोबर आहे. माफी आपली आपल्यातच फिरते. घरोघरी फिरून झाली, मेडिकलच्या पायरीवर कोणी गेलं नाही.

आज सकाळी वाचनालय उघडलं. घरून ओलं फडकं नेलं होतं. आधी फलक पुसला. नावावरून हात फिरवताना खडू निघेना, बरेच दिवस झाले होते. मग त्यांच्या खणातला खडू घेतला आणि लिहिलं: 'कै. नेमीचंद यांना त्या दिवशी मेडिकलमधून कोणतीही गोळी दिलेली नव्हती. संघदीपने कारंज्याला नेण्यासाठी गाडी दारात आणली होती. ते गेले नाहीत. मी घरी होते. – चंदना नेमीचंद.' माझ्या ओळी वाकड्या आल्या. त्यांच्या सरळ यायच्या.

पेपर लावायच्या आत माणसं जमली. हीराबाई देवळातून परत येत होत्या, त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं. मला म्हणाल्या, "गेलेल्या मानसाले आता कायले खाली पाह्यले लावते? एवढे दिवस गप होती, अजून राह्यली असती." मी म्हटलं, मी गप होते तेव्हा तुम्ही माझ्या नावावर बोलत होतात. त्या पिशवी सावरत निघून गेल्या. आज ओट्यावर येणार नाहीत. उद्या येतील.

रामधननी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून मला विचारलं, "काकू, पन हे खरं कायवरून?"

रुचिका, इतक्या कागदांत, इतक्या माणसांत, हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. खोट्याला कोणी विचारला नाही, खऱ्याला विचारला. मला इतकी चीड आली की मी खडू खणात टाकून खण जोरात लावला. मग म्हटलं, बरं विचारलंत. मी घरी होते, माझ्यासमोर झालं. आणि माझ्यावरही भरोसा ठेवू नका. संघदीपला जाऊन विचारा, जीप कोणाची आणली होती ते विचारा, मग त्या जीपवाल्याला विचारा.

"एवढं फिरू?" म्हणाले.

"पाच लिहिलं आहे तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत लावला. मग उतरून मेडिकलच्या बाजूला गेले. विचारायला गेले की आपल्या कामाने गेले, मला माहीत नाही. शटर आज पूर्ण वर होतं, एवढं मी पाहिलं. कपाटं रिकामीच आहेत. तो राहील की मेडशीला जाईल, तेही मला माहीत नाही.

तुझ्या बाबांना हे पत्र वाचून दाखव. तक्रार दिलीच, तर मी कारंज्याला येईन, जिथे दिली असेल तिथे जाईन आणि जे फलकावर लिहिलं तेच तिथे सांगेन. मला बोलायला वेळ लागतो, पण मी येईन.

अर्पणपत्रिका बदल. 'माहिती तपासायला शिकले' असं लिहू नकोस. 'वाचायला शिकले' असं लिही. ते खरं आहे. एक बातमी तीन पेपरांत वाचायला त्यांनीच शिकवलं तुला, आणि मलाही. ते मी कोणाला नाकारू देणार नाही.

माझा कागद सोबत आहे. शेवटचं वाक्य बघ, 'मला असलेली माहिती मी योग्य वेळी योग्य माणसाला देऊ शकते.' तिथे आधी एक लिहिला होता. आज खोडून दोन केला आहे. खाडाखोड चालत नसेल तर हाही बाद कर.

बारा वाजता वाचनालयाला कुलूप लावून घरी आले. फडकं खडूने पांढरं झालं होतं. ते दोन पाण्यांतून काढलं, पिळलं आणि मागच्या दोरीवर वाळत घातलं.

काकू